शीव

मार्च-एप्रिल, दोन महिन्यांचं कंत्राट.
एका बिलामागे पावणेतीन रुपये,
दाराला कुलूप असेल तर तेही नाहीत.
पिशवीत सहाशे घरं कोंबून
मी स्कूटी काढतो तेव्हा
ऊन अजून रामकुंडाच्या पायऱ्यांवरच असतं.

कॉलेज रोडला वॉचमनच बिलं घेतो, गठ्ठ्यानं.
फक्त पाचव्या मजल्यावरच्या हिंगमिरे बाईंनी
मला सोफ्यावर बसवलं, चष्मा शोधला,
आणि म्हणाल्या, माझ्या जावेचा सिडकोत एवढाच फ्लॅट,
तिला निम्म्यानं कसं?
मी म्हटलं, दर जागेला लागतो, बाई, माणसाला नाही.
त्या म्हणाल्या, स्वभावाला लागला असता
तर तिला दुप्पट आलं असतं.
मग पाणी दिलं त्यांनी, फ्रिजमधलं.
गंगापूर धरणाचं.
जावेकडेही तेच येतं.

चौक मंडईत रुक्साना कोकणीचं बिल
वर्षाला चारशे बारा.
तिच्या सासऱ्यांच्या बापाच्या वेळचं भाडेमूल्य
रजिस्टरात अजून तरुण आहे.
भिंतीला भिंत लावून नवं बांधलेलं शेजारचं घर,
त्याला साडेनऊ हजार.
ती म्हणाली, आम्ही बाहेरून रंगच देत नाही, भाऊ,
नवं दिसलं की नवा दर.
पडदा जरा सरकला
तर आत सगळं पिस्त्याच्या रंगाचं.

बिलावर बारीक अक्षरात
सामान्य कर, मलनिस्सारण, पथकर, अग्निशमन, वृक्ष,
सलग वाचत गेलं तर आरतीची चाल लागते.
अंबडला एकानं मला हाताला धरून
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.
झाड दाखवा, म्हणाला.
मी विजेच्या खांबावर चढलेला वेल दाखवला.
त्यानं सही केली.

पण खरी गंमत हिरामण तिडमेकडे.
महामार्ग सोडून आत वळलं की
शहर जिथे संपतं, तिथेच त्याचं घर,
तिथेच, म्हणजे घराच्या मधोमध.
हॉल महापालिकेत, स्वयंपाकघर ग्रामपंचायतीत.
दोन साहेब दोन टेपा घेऊन आले होते म्हणे,
मधला पाऊण फूट कुणाच्याच हिशेबात बसेना.
हॉलचे सात हजार, चुलीचे पाचशे.
तेव्हापासून टीव्ही चुलीपाशी,
पलंग चुलीपाशी, मुलांची दप्तरंही तिथेच.
हॉलमध्ये नुसती सतरंजी.
या, ग्रामपंचायतीत बसू, हिरामण म्हणाला
आणि मी उंबरा ओलांडून
साडेसहा हजारांनी हलका झालो.

मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी
शेंदूर फासलेला शिवेचा दगड.
त्याची आई दर अवसेला नारळ फोडते तिथं.
तिच्या लेखी इथून गाव सुरू होतं.
माझ्या नकाशात इथं शहर संपतं.
दगडाला कुणी विचारलेलं नाही.
खोबरं मात्र मला हातावर मिळालं.

शेवटची गल्ली पाथर्डी फाट्याची.
शेवटून दुसरं बिल, मालक: वसंत रंगनाथ पिंगळे.
भोगवटादार: स्वतः.
भाडेकरू लागला तर दर चढतो,
म्हणून पिंगळे काकांनी पहिल्याच दिवशी,
किल्ली देतानाच सांगून ठेवलंय,
पालिकेचं कुणी आलं तर भाचा म्हण.

मी जिना चढतो. कुलूप उघडतो.
बायको कामावरून यायची आहे.
दारातच उभा राहून
स्वतःकडे बिल देतो, स्वतःकडून घेतो,
पावणेतीन रुपये.
पोचपावतीवर, नातं या रकान्यात,
थोडा वेळ पेन अडतं.
मग लिहितो,
भाचा.